सारवणाला शेण कोण आणणार?

पत्र

ताई, नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. १९९३ साली लग्न होऊन या घरात आले. सासरे मुंबईला गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते कायमचे. आता ते नाहीत. दोघे दीर मुंबईला असतात, चवथीला येतात. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू हिशोबाला ठेवतात. काही टाकायला घेतलं की "ठेव गो, खंय तरी उपयोगाक येतला" हे ठरलेलं. मी माझ्या पगारातून घर सुधारलं. गॅस, मिक्सर, फ्रिज आणले, जमिनीला फरशी घातली. मसाला, पापड विकत आणते, कारण शाळा सांभाळून हे सगळं होत नाही. जुनी तांब्या-पितळेची भांडी वीस वर्षांपूर्वी मोडीत दिली.

मुलगी सत्तावीस वर्षांची. पुण्याच्या कंपनीत आहे, पण दीड वर्ष गावी राहूनच काम करते. तिला घर पुन्हा जुन्यासारखं करून होमस्टे काढायचा आहे. फरशी उखडायची, जमीन सारवायची, चूल घालायची. मी आणलेलं पाकीट दिसलं की तोंड वाकडं करते आणि स्वतः अडीच हजारांचा पितळी तांब्या ऑनलाइन मागवते! किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्यात आमचो वर्साचो बाजार होय!" मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांना घर दाखवताना म्हणाली, "हे आजीचं घर. मधे आईने सगळं मॉडर्न करून बिघडवलं." मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं.

सासूबाईंच्या लेखी मी उधळी, मुलीच्या लेखी घर बिघडवणारी. आता ती म्हणते, निवृत्तीच्या पैशांतले आठ लाख होमस्टेला दे. द्यावेत का? आणि मी खरंच चुकले का?

– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर

नमस्कार बाई. (शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार?)

चुकला नाहीत. एका बाबतीत चुकलात, आणि ती गोष्ट तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकली आहे. तिच्याकडे येतेच. पण त्याआधी सासूबाईंच्या दोरीवरच्या पिशव्यांबद्दल बोलू, कारण तुमचा खरा सल त्या पिशव्यांपाशी आहे आणि तुमच्या लेकीचा गैरसमजही तिथूनच सुरू होतो.

तुमच्या सासूबाई ज्या काळात घर चालवत होत्या, त्या काळात कोकणातली पुष्कळ घरं मनीऑर्डरवर चालत. घरचा पुरुष लालबाग-परळच्या खोलीत दहाजणांबरोबर झोपायचा, खाणावळीत जेवायचा आणि पगार झाला की गावी पैसे पाठवायचा. पोस्टमन आला की त्या दिवशी वाण्याची मागची उधारी फिटायची आणि नवी सुरू व्हायची. त्या पैशांत मुलांची फी, म्हाताऱ्यांचं औषध, लावणीची मजुरी, बारसं, बारावं, सगळं बसवायचं असे. बसवायचं बाईने. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. मनीऑर्डर आधी आटली आणि मग थांबली. चाकरमानी ट्रंक घेऊन परत आले. खाणारं तोंड वाढलं आणि पैसा बंद झाला. तेव्हा तुमच्या सासूबाई चाळिशीच्या आतबाहेर असतील. ती दोन-चार वर्षं त्यांनी कशी काढली ते तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित त्यांनी कुणाला सांगितलंही नसेल. पण दुधाची पिशवी फेकताना त्यांचा हात अडतो तो त्या वर्षांमुळे. त्याला कंजूषपणा म्हणू नका, आणि "आमची आजी किती पर्यावरणप्रेमी" असंही मुलीला म्हणू देऊ नका. एकदा ज्याच्या घरात काही नव्हतं, तो माणूस काहीही टाकत नाही, इतकीच ती गोष्ट आहे.

आता त्या काटकसरीला कष्ट किती लागायचे ते बघू. सध्या आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, तोंडावर आहे म्हणून रातांब्यांचंच, म्हणजे कोकमाच्या फळांचंच, उदाहरण घेते. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पडलेले, काढलेले रातांबे आणायचे, धुवायचे, एकेक चिरून दोन वाट्या करायच्या, आतला गर बियांसकट काढायचा. त्याला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी उचलायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत चढत सोलं (आमसुलं) काळी होईपर्यंत हे चालतं. उरलेला रस आगळ म्हणून बाटलीत जातो. बियाही टाकायच्या नाहीत. त्या वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तवंग येतो तो काढून घ्यायचा आणि थिजायला लागला की मुठीत वळून गोळे करायचे. तेच मुठेल. पावसात टाचा फुटल्या की त्यावर तेच. या सगळ्यात एखाद्या दुपारी वळीव आला तर पळापळ, आणि उचलायला पाच मिनिटं उशीर झाला तर आठवड्याची मेहनत पाण्यात. शिवाय त्याच पंधरवड्यात कुळीथ भाजून दळायचे असतात, मिरच्या वाळवायच्या असतात, सुके बांगडे आणि सुंगटं भरायची असतात, आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या असतात, नारळाची सोडणं आणि लाकडं मांगरात रचायची असतात, आणि कौलं परतायला माणूस आला की त्याचं जेवण.

याला पैसे लागत नव्हते, हे खरं. म्हणून ते फुकट होतं असं आज लोक समजतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ते फुकट कधीच नव्हतं. त्याची किंमत सासूबाईंनी कंबरेने, गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी भरली. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्यावर डोळ्यांचं काय होतं ते त्यांना विचारा. आणि हेही विचारा की त्या जेवायला कितव्या बसायच्या. घरातली काटकसर सगळ्यांना सारखी लागू नसायची. भजनाला जाणाऱ्याच्या पानसुपारीला कात्री लागल्याचं मी ऐकलेलं नाही, पण बाईच्या ताटातली माशाची तुकडी हमखास आधी कमी व्हायची. गोष्ट कडू आहे, पण आपल्या घराघरातली आहे.

तुम्ही १९९३ साली आलात तेव्हा तुमच्या हातात दर महिन्याला स्वतःचा पगार होता. त्या घरातल्या बाईच्या हातात पहिल्यांदाच. त्या पगारातून तुम्ही जे विकत घेतलंत त्याची यादी तुम्ही गॅस, मिक्सर, फ्रिज, फरशी अशी दिली आहे. मी ती यादी तास म्हणून वाचते. पाट्यावर वाटण वाटायचा एक तास, चूल पेटवून पेज शिजेपर्यंतचा एक, सारवणाचा अर्धा दिवस. ते तास तुम्ही कशात घातलेत? शाळेत, वर्गातल्या पोरांच्या वह्यांत, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामांत (ती कामं शिक्षकांच्या गळ्यात कशी पडतात ते मला तुम्ही सांगायला नको) आणि स्वतःच्या मुलीच्या अभ्यासात. आज ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पडवीत बसते आणि तिथून पुण्याचा पगार कमावते, त्या पडवीपर्यंत ती ज्या रस्त्याने पोचली तो तुमच्या मिक्सरवरून जातो. तुमची काटकसर दोरीवर वाळत घातलेली दिसत नाही, ती पोस्टाच्या पासबुकात आहे. म्हणून ती कुणाला दिसली नाही.

शिवाय ते तास फक्त तुमचे वाचले नाहीत. सासूबाईंचेही वाचले. माझी एक विनंती आहे. एकदा मुलीसमोर सासूबाईंना विचारा, "आई, चूल परत घालूया का?" पैज लावायची तर मी "माका गॅसच बरो" या उत्तरावर लावीन. जुलैत ओली लाकडं धुमसत असताना जिने तीस-चाळीस पावसाळे काढले, तिला चुलीच्या भाकरीच्या चवीचं कौतुक असेलही, पण ते दुसऱ्या कुणी भाजून दिली तर.

आता तुमच्या चुकीबद्दल. ती भांडी.

कोकणात लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालायची रीत होती, तुम्हाला माहीत आहे. घागर, तपेली, कळशी, परात यांवर ठोकून काढलेली अक्षरं असत. कुणाकडून, कधी, काय निमित्ताने. तुम्ही मोडीत दिलीत ती भांडी तुमची नव्हती. तुम्ही सून म्हणून आलात त्याच्या कितीतरी आधी ती तुमच्या सासूबाईंच्या मालकीची होती, त्यांच्या माहेरची, मावशीची, कुणाकुणाच्या आठवणीची. त्या बाईकडे जमीन तिच्या नावावर नव्हती, बँकेत खातं नव्हतं. जे होतं ते गळ्यात आणि फडताळात. तुम्ही त्यांना विचारलं होतंत का? पत्रात तसं लिहिलेलं नाही, म्हणून मी "नाही" धरून चालते. त्या तेव्हा काही बोलल्या नसतील, आणि तुम्हाला वाटलं असेल की त्यांची हरकत नाही. कमावत्या सुनेला काही बोलायचं नाही, हा त्या पिढीतल्या पुष्कळ सासवांचा अलिखित नियम होता. मग वीस वर्षांनी नातीने अडीच हजारांचा तांब्या आणला. सासूबाई किमतीवर बोलल्या. त्यांच्या मनात फक्त किंमतच होती असं मला वाटत नाही.

त्यांच्याशी बोला. माफी मागण्याचा मोठा समारंभ नको, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. दुपारी त्या निवांत असताना बसा आणि विचारा, कोणकोणती भांडी होती, कुणी दिली होती. वही घेऊन लिहून काढा. मुलीलाही शेजारी बसवा. तिला "हेरिटेज" हवं आहे ना, मग ते हे आहे. आणि माळ्यावर एखादं काही उरलं असेल, एखादा तांब्याचा बंब, एखादी चेपलेली कळशी, तर खाली काढा, कल्हई करून घ्या आणि वापरायला लागा. शोभेला ठेवू नका.

मुलीची बाजूही ऐकायला हवी, कारण ती सगळीच चुकते आहे असं नाही. पाकिटांबद्दल ती बरोबर आहे. सासूबाईंच्या काळात घरातून जे बाहेर पडायचं ते एकतर गुरं खायची, नाहीतर माडाच्या आळ्यात कुजायचं, नाहीतर चुलीत जायचं. आता मसाल्याचं पाकीट, शाम्पूची पुडी, कुरकुऱ्यांची पिशवी घराच्या मागे जाळली जाते किंवा वहाळातून समुद्राला मिळते. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी आहे, पण आपल्या खेड्यांत कचरा उचलायला घंटागाडी कितीशी फिरते? पुण्यातून आलेल्या मुलीच्या डोळ्यांना ते खुपतं, तुमच्या-माझ्या डोळ्यांना सवय झाली आहे. आणि आणखी एक सांगते, राग मानू नका. परसात रातांबे कुजत पडलेले असताना दुकानातून रंग घातलेल्या कोकम सरबताची बाटली आणणं याला मी वेळेची बचत म्हणणार नाही. तिथे आपल्या पिढीला "विकतचं ते चांगलं" असं वाटायला लागलं होतं. घरचं वाढताना लाज आणि पाकिटातलं वाढताना प्रतिष्ठा, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी केलं आहे. मुलगी त्यावर हसत असेल तर तिला हसू द्या.

पण तिची साधी राहणी दुकानातून सुरू होते, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. पितळी तांब्या, मातीचा तवा, मडकं, हातमागाची चादर, सगळं कुरिअरने, बबलरॅपमध्ये. आणि मोठा फरक वेगळाच आहे. आजीला त्या काटकसरीतून बाहेर पडायला वाट नव्हती. नातीला कुठल्याही सोमवारी कंटाळा आला की गॅस पेटवता येतो, पुण्याची गाडी पकडता येते. म्हणून आजीचं आयुष्य नातीला सुंदर दिसतं. ते तिचं भाग्य आहे, आणि ते तिला तुम्ही दिलेलं आहे.

आता घराचं. फरशी उखडू नका. तिला एकच प्रश्न विचारा: सारवणाला शेण कोण आणणार? तुमच्या गोठ्यात गुरं आहेत का? वाडीत कुणाकडे राहिली आहेत? आणलं तर कालवणार कोण, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ओणवं होऊन सारवणार कोण? ब्याऐंशी वर्षांची आजी? निवृत्त झालेली आई? की दिवसाला काही रुपयांवर येणारी, स्वतःच्या घरात केव्हाच फरशी घालून घेतलेली शेजारची बाई? पावसात हवा इतकी दमट की सारवलेलं दोन दिवस वाळत नाही, आणि समुद्रावरून ओल्या पायांनी आलेला पाहुणा एका फेरीत पोपडे काढतो. तिला हवंच असेल तर मधला मार्ग आहे, आणि तो कोकणातला जुनाच आहे. पाऊस गेला की खळं (घरापुढचं अंगण) धोपटून सारवतात तसं या दिवाळीला तिने खळं सारवावं, मे महिन्यापर्यंत राखावं. पाहुण्यांना चांदण्यात बसायला तीच जागा आवडते. आतली फरशी तशीच राहू दे. भिंती जांभ्याच्या असतील आणि त्यावर तुम्ही ऑइलपेंट मारला असेल तर तो मात्र काढून चुना लावू द्या, त्यात तिचं म्हणणं योग्य आहे आणि भिंतींनाही ते मानवतं.

आणि ही आगोट तिच्या हवाली करा. पूर्ण. सासूबाईंनी खुर्चीत बसून सांगायचं, मुलीने करायचं, तुम्ही हात लावायचा नाही. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे, तुम्हालाच. मीटिंग सुरू असताना आभाळ भरून आलं आणि सोलं उचलायला हाक आली की काय करायचं, ते तिचं तिला ठरवू दे. काही खराब होईल, होऊ दे. अर्ध्यावर दमून ती म्हणेल की पापड बचत गटाकडून आणूया. तेव्हा "बघितलंस?" असं म्हणू नका. आणूया म्हणा. 'उमेद' या सरकारी अभियानाच्या बचत गटांतल्या बायका पापड, आगळ, कुळथाची पिठी करून विकतात. त्यांना योग्य दाम देऊन घेणं यात उधळपट्टी नाही, पैसा वाडीतच राहतो आणि मेहनतीला भाव मिळतो. आजीच्या वेळी तोच भाव शून्य होता. हे तिला हाताने कळलं तर ती होमस्टेच्या दरातही ते धरेल, नाहीतर "आजीच्या हातचं" म्हणून आजीलाच राबवेल.

फडताळात थोडं सुकं ठेवायची सवय मात्र तिघींनीही सोडू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा दिवसच्या दिवस वीज नव्हती. फ्रिजमधली मासळी पुरावी लागली, डब्यातला सुका गोलमो टिकला. आणि शिजवायला सिलिंडरच उपयोगी पडला, हेही लक्षात असू द्या.

आता आठ लाख. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मुलीवर अविश्वास म्हणून नाही. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागल्या असाल तर जुनी पेन्शन आहे, शिवाय भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळेल. ही रक्कम मोठी दिसते, पण ती पुढच्या पंचवीस-तीस वर्षांची आहे आणि त्यात सासूबाईंचं आजारपण आहे, यजमानांचं आहे, तुमचं आहे. सिंधुदुर्गात मोठं दुखणं निघालं की गाडी गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा कोल्हापूरला जाते, हे तुम्ही बघितलं असेल. पंचावन्न पूर्ण करून निवृत्त झालेल्या माणसाला साठीची वाट न बघता ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ठरलेल्या मुदतीत. मर्यादा ३० लाखांची आहे. पोस्टात आधीच चौकशी करून ठेवा.

मुलगी कमावते. तिने स्वतःच्या पगारातून वर्षभर वेगळं खातं करून साठवावं, एका खोलीपासून सुरुवात करावी. निवास-न्याहारीची सरकारी नोंदणी आहे. राज्याच्या पर्यटन खात्याचं २०२३ पासून महिलांसाठी 'आई' नावाचं धोरण आहे, त्यात महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. अटी आहेत, त्या तिने वाचाव्यात, फॉर्म तिने भरावेत. तुम्हाला तिला काही द्यायचंच असेल तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच द्या, आणि ते देणगी म्हणून द्या. घरातल्या उसनवारीने नाती जितकी नासतात तितकी फरशीने नासत नाहीत.

"बिघडवलं" हा शब्द तिच्याशी बोलताना टाळू नका. मैत्रिणींसमोर बोललीस ते मला ऐकू आलं, मला लागलं, एवढं साधं सांगा आणि गप्प बसा. गॅस का घेतला, फरशी का घातली याचं स्पष्टीकरण देत बसू नका. ती बरीचशी तुमच्यासारखी असेल तर लगेच काही बोलणार नाही, दोन दिवसांनी बोलेल. मग तिला सांगा की पाहुण्यांना घराची गोष्ट सांगायचीच असेल तर मनीऑर्डरपासून लॅपटॉपपर्यंत सांग, मधली तीस वर्षं गाळून नको. त्या तीस वर्षांच्या पगाराच्या स्लिपा तुम्ही ठेवल्या असतीलच. शिक्षक ठेवतात.

राहता राहिली एक गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही आणि जी सगळ्यांत आधी करायला हवी. घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला अजून सासऱ्यांचंच नाव असेल, असा माझा अंदाज आहे. ते नाव करआकारणीचं, तेवढ्याने मालकी ठरत नाही. सासरे गेल्यावर सासूबाई, तुमचे यजमान, दोघे दीर आणि नणंदा असतील तर त्याही, सगळ्यांचा त्या घरात वाटा आहे. सामाईक घरात एकाने पैसे घातले आणि पाच वर्षांनी दुसऱ्याने वाटणी मागितली, याचे दावे देवगड-कणकवलीच्या कोर्टात किती पडून असतील याची कल्पना तुम्हाला आहे. त्यामुळे एक पैसा खर्च व्हायच्या आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या, वकिलाकडून नीट करून घ्या. चवथीला दीर-जावा येतात तेव्हा पाहुण्यांच्या खोल्या बंद, हेही त्यातच लिहा, नाहीतर गणपतीला घरचे पडवीत आणि बुकिंगवाले आत असा प्रकार होईल. दिरांना फोन यजमानांनी करावा, आणि आता करावा, चवथीत नको. आरत्या संपून सगळे जेवायला बसलेले असताना घराच्या वाट्याचा विषय निघाला की मोदक तसेच राहतात.